तूर अजून वाळायची आहे

अक्का,

काल तुझा दहावा झाला. पिंड ठेवून आम्ही मागं सरलो न सरलो तोच कावळा शिवला. जमलेल्या बायका म्हणाल्या, बाईची कसली म्हणून इच्छा राहिली नव्हती, सुखानं गेली. हैदराबादहून आलेल्या तुझ्या थोरल्या लेकानं डोळे पुसले आणि त्याला जरा बरं वाटलेलं दिसलं. मी मात्र तिथं उभी राहू शकले नाही. तुझी एक इच्छा राहिली होती. ती मला ठाऊक होती आणि ती माझ्यामुळंच राहिली होती. कावळा शिवला, कारण मी तुझ्याशी खोटं बोलले होते आणि तू त्यावर विश्वास ठेवलास.

शाळेतले मराठीचे गुरुजी म्हणाले, शालूबाई, तुम्ही लिहिणाऱ्या आहात, थोरल्या जावेवर चार शब्द लिहा. म्हणून वही घेऊन माळवदावर आले आहे. खाली घरात, चारचौघांत, मी तुला कायम "अहो अक्का" म्हणत आले. इथं वर आल्यावर तेवढं "तू" म्हणायचं, असं तूच ठरवून दिलं होतंस. आत्ता मी वर आहे, म्हणून तू.

आपला कोपरा तसाच आहे. शेजाऱ्यांच्या कडुलिंबाची ती एक फांदी अजून आपल्या माळवदावर झुकलेली आहे आणि दिवस डोक्यावर येईपर्यंत तिची सावली बरोबर घोंगडीवर पडते. तिथून बसवकल्याणकडं जाणारी बस दिसते, शेतं दिसतात, आणि कठड्याशी जरा वाकलं की अंगणात कोण आलं तेही कळतं. तो कोपरा तूच शोधलास. मी सूनबाई म्हणून या गावात, कोहिनूरला आले, तेव्हा मला शिडी चढायचीसुद्धा भीती वाटायची.

माझ्या ट्रंकेत उदगीरहून आणलेल्या सहा वह्या होत्या. पहिल्याच महिन्यात मी ओसरीवर बसून लिहीत होते, तर आपल्या सासूबाईंनी, आत्याबाईंनी, विचारलं, "माहेराला आमच्या चहाड्या लिव्हायलीस का?" मी नाही म्हटलं, पण त्यांना ते पटलं नाही. त्यांच्या लेखी लिहिणं म्हणजे एक तर पत्र नाही तर अर्ज, आणि दोन्हींत तक्रारच असते. मी वह्या ट्रंकेत टाकल्या आणि आठ दिवस मुकाट्यानं भाकरी थापल्या. नंतर तूर आली, खाण्यापुरती घरात ठेवायची पोती वर चढली, आणि तू आत्याबाईंना म्हणालीस की वानरं लई झालीत औंदा, शालूला राखणीला बसवा वर. घरातल्या बाईनं वही घेऊन बसणं म्हणजे आळस, पण वाळवणापाशी काठी घेऊन बसणं म्हणजे काम. वही तू सुपात ठेवलीस, वर फडकं टाकलंस आणि सूप माझ्या हातात दिलंस.

तूर चार दिवसांत वाळते, ही गोष्ट या भागात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. आपली तूर अकरा दिवस वाळायची. आत्याबाई संशयानं विचारायच्या, हे कसं काय, आणि तू खाली मान घालून सांगायचीस, "अजून वाळायची हाय, आत्याबाई. वरनं कोरडी दिसती, आत ओल हाय." त्यांना खात्री करून घ्यायची असायची. तूर दाताखाली धरून कट् असा आवाज आला की ती वाळली, असा त्यांचा हिशेब. तू पदराच्या गाठीत चार दाणे पाण्यात भिजवून बांधून ठेवायचीस आणि त्यांतला एक काढून त्यांच्या हातावर द्यायचीस. तो दाताखाली मऊ लागायचा. मी साण्यातून, म्हणजे उजेडासाठी माळवदाला ठेवलेल्या त्या भोकातून, हे सगळं बघत असायची आणि हसू दाबायला पदर तोंडात कोंबायची. एकदा तूच घोटाळा केलास. भिजलेल्याऐवजी कोरडा दाणा दिलास. कट् वाजलं. तू न डगमगता म्हणालीस, एखादा वाळतो की, सगळे कुठं वाळलेत. आत्याबाई शेवटपर्यंत म्हणत राहिल्या की या घराच्या माळवदाला उन्हाचा गुण नाही.

त्या अकरा दिवसांत मी लिहायला शिकले. तुरीमागून मिरची यायची, मिरचीमागून सांडगे आणि कुरडया, आणि प्रत्येक वाळवण तुझ्या हिशेबानं ओलंच राहायचं. आत्याबाई शिडीकडं निघाल्या की तू खाली चुलीपाशी तांब्यावर उलथनं दोनदा वाजवायचीस. मी वही तुरीत पुरायची. माझ्या जुन्या वह्या उघडल्या तर शिवणीतून अजून तुरीचे दाणे पडतात.

दुपारच्या आधी तू चहा घेऊन वर यायचीस आणि म्हणायचीस, वाच. तुझं माहेर मन्नाएखेळ्ळीकडचं, शाळा कन्नडची आणि तीही चौथीपर्यंत. मराठी तू सासरी येऊन बोलायला शिकलीस, वाचायला नाही. म्हणून मी वाचायची आणि तू तूर चिवडत ऐकायचीस. मला फार शहाणपण होतं तेव्हा. मी वाक्यं वळवून वळवून लिहायची. एकदा मोठी दुःखी गोष्ट वाचून दाखवली आणि तू काय म्हणतेस म्हणून बघत बसले, तर तू म्हणालीस, "ह्या बाईनं सकाळधरनं कायच खाल्लं न्हाई की गं. तिला आधी जेवू घाल, मग रडू दे." मी चिडले. चार दिवसांनी गुपचूप त्या बाईला भाकरी आणि शेंगाची चटणी खाऊ घातली आणि गोष्ट सुधारली. हे तुला सांगितलं नाही. आज सांगते.

आणि मग तो दिवस. मिरच्या पसरल्या होत्या, त्यामुळं तुझे डोळे लाल होते की त्या गोष्टीमुळं, हे मला तेव्हा कळलं नाही. तुला पहिली मुलगी झाली होती. हे घरात कुणी कधी बोलत नसे, मला या घरात येऊन सहा वर्षांनी कळत होतं. बाळंतपण माहेरी झालं. बाराव्या दिवशी बारसं, त्याआधी नाव घ्यायचं नाही, अशी तुमच्याकडची रीत. पण तुला दम निघाला नाही. पाजायला घेतलं की तू तिच्या कानात तू ठरवलेलं नाव सांगायचीस, रोज, कुणाला न ऐकू देता. नवव्या दिवशी पोर गेली. बांधाच्या कडेला पुरलं. बारसं झालंच नाही, म्हणून तिला नावच नाही, असं सगळे धरून चालले. तुला कुणी विचारलं नाही.

तू मला ते नाव सांगितलंस. माळवदावर आपल्या दोघींशिवाय चिटपाखरू नव्हतं, तरी तू माझ्या कानाशी वाकून सांगितलंस. मी मान हलवली. खरं सांगू का, अक्का? त्याच वेळी माझ्या डोक्यात गोष्टीचं पहिलं वाक्य तयार व्हायला लागलं होतं.

गोष्ट लातूरच्या एका दिवाळी अंकात छापून आली. पोरीचं नाव मी चंद्रकला ठेवलं होतं, गाव बदललं होतं. गुरुजी अंक घेऊन घरी आले आणि ओसरीवर बसून त्यांनी ती सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवली. आत्याबाईसुद्धा ऐकत बसल्या आणि गरीब बिचारी म्हणाल्या. ती कोण, हे कुणाला कळलं नाही. तू दाराआड उभी होतीस.

नंतर आठ दिवस तू वर आली नाहीस. चहा शिडीच्या पायथ्याशी ठेवून हाक मारायचीस. मला वाटलं, तुझं गुपित मी चव्हाट्यावर मांडलं म्हणून तू रागावलीस. मी उत्तर तयार करून ठेवलं होतं. नवव्या दिवशी वर आलीस आणि बसायच्या आधीच म्हणालीस, "नाव कामून बदललीस?"

मी तुला भाषणच दिलं. लिहिणारे नावं बदलतात, तुझ्याच भल्यासाठी बदललं, नाहीतर गावभर झालं असतं. तू ऐकून घेतलंस. मग म्हणालीस, "तिचं नाव कुठंच लिव्हलेलं न्हाई, शालू. शाळंत न्हाई, रेशन कार्डावर न्हाई. तू एक लिव्हणारी भेटलीस, तर तूबी दुसऱ्याच पोरीचं लिव्हलीस."

मी म्हटलं, लिहिते की अक्का, ते कुठं पळून जायलंय.

आणि मी लिहिलं नाही. किती वर्षं झाली त्याला? दर साली तूर वर चढली की तू एकदा विचारायचीस, लिव्हलीस का. मी कधी हसण्यावारी नेलं, कधी दुसऱ्या गोष्टीत गुंतलेली होते, कधी वैतागलेही. एकदा तर म्हणाले की नुसतं नाव म्हणजे काही गोष्ट होत नाही, ते मी कुठं लिहू? तू म्हणालीस, कुठंबी, वहीच्या मागच्या पानावर लिव्ह, मला गोष्ट नको. मग तूच लिही की कन्नडमध्ये, तुला येतं, असं मी म्हटलं. "मी लिव्हली तर ते माझ्यापाशीच ऱ्हातंय," तू म्हणालीस. हे बोलणं मी त्याच दिवशी वहीत टिपून ठेवलं, पुढं एखाद्या गोष्टीत कामाला येईल म्हणून. त्याच्या शेजारी ते नाव लिहायला मला कितीसा वेळ लागला असता? पण नाव माझ्या लक्षात आहे, असं मी धरून चालले होते.

आत्याबाई जाऊनही आता चार वर्षं झाली. कुणाला फसवायची गरज उरली नव्हती, तरी तू तूर वरच चढवायचीस आणि मला वरच पाठवायचीस. या थंडीत तू चहा घेऊन यायचीस, तेव्हा शिडीच्या चौथ्या पायरीवर थांबायचीस. मला ते ऐकू यायचं. शिडी करकरायची, मग काहीच आवाज नाही, मग पुन्हा करकरायची. मला वाटायचं, खाली कोंबड्यांना हाकलतेयस. मी वाक्य पुरं करायची आणि मगच मान वर करायची. तुझं छातीचं दुखणं त्या पायरीवर रोज उभं होतं आणि मी चार हात वर बसून माणसांच्या मनातलं लिहीत होते. मला माझा फार राग येतो, अक्का. रागाचं करायचं काय, तेही कळत नाही.

गुलबर्ग्याच्या दवाखान्यात पाचव्या दिवशी डॉक्टरांनी तुझ्या थोरल्याला बाहेर बोलावलं, तेव्हा मी तुझ्याजवळ होते. तू नाकातोंडावरचा मास्क बोटानं बाजूला केलास. म्हणालीस, "शालू, लिव्हलीस का?"

मी म्हटलं, "व्हय अक्का, लिहिलं."

"कुठं?"

"वहीच्या पहिल्या पानावर."

"बरं झालं बघ," म्हणालीस, आणि मास्क स्वतःच नीट लावलास. दुसऱ्या दिवशी सकाळी तू गेलीस.

मी खोटं का बोलले ते आज सांगते. तू विचारलंस त्या क्षणी मी मनातल्या मनात ते नाव घेऊन बघितलं, आणि चंद्रकला आलं. पुन्हा बघितलं, पुन्हा चंद्रकलाच. इतकी वर्षं मी त्या गोष्टीवर बोलले, लोकांनी पत्रं पाठवली, गुरुजींनी शाळेत ती वाचून दाखवली, आणि सगळीकडं चंद्रकला, चंद्रकला. माझं बनवलेलं नाव तुझ्या लेकीच्या नावावर जाऊन बसलं. तेव्हाही वेळ गेली नव्हती. तू शुद्धीवर होतीस, बोलत होतीस. एकदा सांग गं, विसरले, एवढंच म्हणायचं होतं. मला लाज वाटली. जिनं जगात मला एकटीलाच ते सांगितलं, तिला मरताना कुठल्या तोंडानं विचारू, असं वाटलं. आणि मी माझी लाज राखली.

तेव्हापासून शोधते आहे. सगळ्या वह्या उघडल्या. त्या गोष्टीच्या पहिल्या कच्च्या खर्ड्यातही चंद्रकलाच आहे, मी पहिल्या ओळीपासूनच हुशारी केली होती. काल घाटावरून आल्यावर तुझ्या भावाला बाजूला घेऊन विचारलं. तो चांगला माणूस, डोकं खाजवून म्हणाला, "नाव कुठलं शालूबाई, बारसं झालंच न्हाई की."

मग अण्णांना विचारलं. थोरल्या दिरांसमोर मी इतक्या वर्षांत कामापलीकडं चार वाक्यं बोलले नसेन, आणि तेही माझ्याशी बोलताना भिंतीकडं बघून बोलतात. ते अंगणात खांबाला टेकून बसले होते. मी म्हटलं, अण्णा, अक्कांनी पहिल्या पोरीचं नाव काय ठेवलं होतं? त्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडं सरळ बघितलं.

"तिला नाव होतं?"

मी म्हटलं, होतं.

"मला कवा बोलली न्हाई ती," ते म्हणाले. "मी तर पोरगी म्हणूनच आठवतो. एकदाच बघितलतो मी तिला." मग पुन्हा भिंतीकडं बघत, "काय होतं?"

मी म्हटलं, सांगते अण्णा, वहीत आहे. दुसऱ्यांदा खोटं बोलले. माझ्याच्यानं नाही म्हणवलं नाही.

आज सकाळपासून मी इथं बसून आठवते आहे. बाराखडी धरून चालले आहे. क, का, कि करत ह पर्यंत जाते आणि पुन्हा पहिल्यापासून येते. त्या दिवसाचं मला सगळं आठवतं. तुझ्या बोटांना मिरची लागली होती म्हणून तू मनगटानं डोळे पुसलेस. तुझ्या तोंडाला मिश्रीचा वास होता. हिरव्या बांगड्यांतली एक फुटकी होती. तू वाकलीस, माझा पदर तुझ्या गुडघ्याखाली सापडला, तुझा श्वास माझ्या कानाला गरम लागला. एवढं सगळं माझ्याजवळ आहे, मी ते कितीही चांगलं लिहू शकते. त्या श्वासात जे होतं तेवढंच नाही. लहान नाव होतं, असं वाटतं. तेही मी बनवत असेन.

मी आजवर जे काही लिहिलं ते या घोंगडीवर, तू भिजवून ठेवलेल्या चार दाण्यांच्या जिवावर. त्याचे आभार मी कधी मानले नाहीत, कारण घरातल्या माणसाचे मानत नाहीत. तू त्या सगळ्याच्या बदल्यात एक शब्द मागितला होतास. तोही तुझाच, मला नुसता उतरवून घ्यायचा होता. वहीचं पहिलं पान मी कोरं ठेवलं आहे. हे तिसऱ्या पानापासून लिहिते आहे.

दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी तू पसरलेली तूर अजून इथंच आहे. सुतकात कुणी हात लावला नाही. सोळा दिवसांचं ऊन खाऊन ती अशी झाली आहे की पाय पडला तरी कडकड वाजते. मघाशी शिडी करकरली आणि चौथ्या पायरीच्या आसपास थांबली. या वेळी मी वाक्य अर्धं टाकून मान वर केली. अण्णा होते. वर आले नाहीत, तिथूनच, दुसरीकडं बघत विचारलं, "शालू, तूर भरायची का पोत्यात? वाळली का?"

मी एक दाणा दाताखाली धरला. कट् वाजला.

"न्हाई अण्णा," मी म्हटलं, "अजून वाळायची हाय."